देवाच्या टॅबला कुलूप नव्हतं

या, स्वल्प पुढे सरका. भिंतीला टेकून बसलं की डोळा लागतो, आणि ही गोष्ट डोळे उघडे ठेवून ऐकायची आहे. क्षमेची आख्यानं तुम्ही पुष्कळ ऐकली असतील. आज सुडाचं ऐका.

इथे कानडी मुलखात, बसवनगुडीत, आमची छोटी कीर्तन मंडळी. दर गुरुवारी संध्याकाळी रघुनंदनबुवा उभे राहतात, त्यांच्या मागे झांज घेऊन मी, सगुणाबाई. माझी नात कावेरी, तेरा वर्षांची, मध्यंतरात अभंग म्हणायची. पोरीनं वरचा सूर लावला की माझी झांज थांबायची आणि बुवा डोळे वटारायचे.

सूनबाई संपदा मोबाइलच्या बाबतीत कडक. कावेरीच्या फोनवर तिनं पालकांसाठीची सगळी बंधनं लावलेली. अनोळखी माणसाला मेसेज करता येत नाही, नवं ॲप आईच्या परवानगीशिवाय उतरत नाही. पण मंडळीचा एक टॅब होता, कीर्तन थेट दाखवायला. त्यातलं खातं माझ्या नावावर, वय एकाहत्तर. सांभाळायची मात्र कावेरी.

संपदा म्हणाली होती, "आई, यालाही लॉक लावते."

"देवाच्या कामाचा तो," मी म्हटलं. "त्याला कसलं कुलूप घालतेस?"

हे मीच म्हटलं. विसरत नाही.

चार महिन्यांनी कावेरी गायची थांबली. घसा बसलाय म्हणायची. मी काढे पाजले, वेडी मी. एका दुपारी टॅब वाजला म्हणून चष्मा लावून पाहिलं. 'श्रुती अक्का' नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं, "रविवारपर्यंत तसला फोटो आला नाही, तर आधीचे सगळे तुझ्या शाळेत पोचतील."

वर बोट सरकवत गेले. सुरुवातीला गाण्याचं कौतुक, मग 'तुला गुपचूप शिकवते', मग 'आईला सांगू नकोस'. आणि मध्ये एक ओळ: "आज पोपटी परकर छान दिसत होता."

कॅमेरा नेहमी बुवांवर असतो. पोरीचा परकर त्यात दिसतच नाही. म्हणजे ही अक्का आमच्याच सतरंजीवर बसत होती.

संपदा रडली नाही. एकही मेसेज न पुसता सगळ्याचे फोटो काढले आणि मला घेऊन पोलीस ठाण्यात गेली. तिथल्या बाईंनी तक्रार लिहून घेतली. म्हणाल्या, "खातं कुणाचं ते शोधतो, वेळ लागेल." मी म्हटलं, "बाई, गुरुवारी कीर्तनाला या. मी शोधून देते."

घरी संपदानं बजावलं, "आई, कावेरीचं नाव कुणाच्या तोंडी आलं तर बघा."

"येणार नाही. त्या अक्काचं येईल."

आमच्याकडे एक शिस्त आहे. कीर्तनाला बसण्याआधी प्रत्येकानं आपला फोन बंद न करता, आवाज मिटवून, हार्मोनियमशेजारच्या पितळी परातीत ठेवायचा. प्रसाद घेताना उचलायचा.

त्या गुरुवारी चाळीसेक फोन परातीत होते. ठाण्यातल्या बाई गजरा माळून बायकांत बसल्या. कावेरी घरी, आईजवळ. आरती झाली, बुवांना बुक्का लागला आणि मी टॅबवरून 'श्रुती अक्का'ला व्हिडिओ कॉल लावला.

परातीत एक पडदा उजळला. आमच्या मंडळीचं नाव, आमच्याच देवाचा फोटो.

"मंडळी," मी म्हटलं, "आज आधी फोन घ्या, मग प्रसाद. एकेकानं या."

लोक आले, आपापला फोन उचलून गेले. मी कॉल पुन्हा लावला. परात रिकामी होत गेली. शेवटी एकच उरला, थरथरत पितळेवर खडखडणारा. आणि सतरंजीवर एकच माणूस, रिकाम्या हाताचा.

पद्मनाभ. दर गुरुवारी बुवांना हार आणणारा. मला अक्का म्हणणारा.

"पद्मनाभ अण्णा," मी म्हटलं, "तुमचाच ना? उचला. मंडळी बोलावतेय."

"माझा... माझा घरी राहिलाय, अक्का."

"मग हा पोलिसांना देऊ?"

तो दाराकडे वळला. दारात आमचे मृदंगवाले विठोजी उभे. म्हणाले, "प्रसाद न घेता कुठे?" गजरेवाल्या बाई उठल्या, परातीतला फोन घेतला आणि त्याचं मनगट धरलं. मी कॉल बंद केला नाही. जीपपर्यंत तो फोन थरथरत राहिला, आणि सगळी मंडळी पाहत राहिली. का, ते कुणाला कळलं नव्हतं. कोण, ते कळलं.

नंतर बुवा म्हणाले, "सगुणाबाई, मनातून सोडा आता त्याला." मी म्हटलं, "देवानं सोडायचं तर सोडावं. मी दर तारखेला कोर्टात जाऊन बसणार, त्याच्या समोरच्या बाकावर."

घरी कावेरीनं विचारलं, "आजी, त्याचं तोंड कसं झालं?" सांगितलं. "परत सांग." पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा ती हसली. मग टॅब संपदापुढे सरकवून म्हणाली, "अम्मा, यालाही लॉक लाव."

ती अजून गायलेली नाही. हार्मोनियमच्या डाव्या बाजूला तिची जागा आम्ही मोकळी ठेवतो. तुम्ही घरी जाल, देवघरात दिवा लावाल. तेव्हा माझ्या कावेरीची आठवण ठेवा.