भिंतीपलीकडचं गरम पाणी

तिने पाइपवरच्या आवरणाची पट्टी कात्रीने कापली, आतल्या लोखंडावर बोट टेकवलं आणि चटका बसताच ते तोंडात घातलं.

“हाच,” ती म्हणाली.

“मोजायला आपण मीटर आणलंय, बोटं नव्हेत,” दाढी म्हणाला.

दाढी म्हणजे तिचा सहकारी. कॉलेजपासून दोघं एकत्र, आणि कॉलेजपासून त्याला दाढी. कारखान्यात कोळसा किती येतो, पाणी किती, लगदा किती, आणि त्याचं पुढे काय काय होतं, हे मोजून संगणकावर मांडायचं हा त्यांचा उद्योग. पडद्यावर प्रत्येक प्रवाहाचा एक बाण. जास्त असेल तर रुंद, कमी असेल तर बारीक. आत गेलेलं सगळं कुठून ना कुठून बाहेर निघालंच पाहिजे, त्यात सूट नाही. या कागदाच्या मिलमध्ये पाणी जुळलं होतं, लगदा जुळला होता. उष्णता काही केल्या जुळत नव्हती. तिचा मोठा वाटा कुठेतरी पळून जात होता, आणि दाढीने त्या जागी लाल प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं.

तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं हो! मिलच्या मागच्या भिंतीला लागून कामगारांची वसाहत, आणि त्या वसाहतीत ही बया लहानाची मोठी झालेली. आता मिलमध्ये तिला मॅडम म्हणत, पण भिंतीपलीकडे ती भिंगरी होती, कारण एका जागी बसणं तिच्या नशिबी नव्हतं. कागद वाळवायच्या रुळांमधून वाफ फिरून आली की तिचं पाणी होतं, चांगलं कढत आणि स्वच्छ. त्यातलं बरंचसं या पाइपातून भिंतीवरून पलीकडे जाऊन वसाहतीच्या न्हाणीघरातल्या दगडी हौदात पडायचं. कोण्या जुन्या मालकाने दिलेली ती सोय. हा पाइप तिने मुद्दाम सगळ्यात शेवटी तपासायला ठेवला होता, ताटातला आवडता घास ठेवतात तसा.

मॅनेजर हात पुसत आले.

“म्हणजे चोर सापडला म्हणायचा.”

“चोर कसला?” ती जरा जोरातच बोलली. “न्हाणीघराचं पाणी आहे ते.”

“तेच ते. हे पाणी बॉयलरला परत आणलं तर कोळसा किती वाचेल?”

दाढीने आकडा सांगितला. मॅनेजरांनी डोळे मिटून घेतले. या वर्षात कोळसा कमी झाला नाही तर धुराचा हिशेब मागणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कागद घेणं थांबवणार होतं, आणि ते थांबलं की दुसरं मशीन बंद, निम्मी माणसं घरी. हे तिलाही माहीत होतं. त्यासाठीच तर तिला बोलावलं होतं.

“झालं तर मग,” मॅनेजर म्हणाले. “एक पंप, थोडा पाइप. आणखी काय लागतंय?”

ते गेल्यावर तिने लॅपटॉप मांडीवर घेतला. चित्रात मिलच्या भोवती एक तुटक रेघ होती. रेघेच्या आतलं आपलं, बाहेरचं जगाचं. तिने ती रेघ ओढून भिंतीपलीकडे नेली आणि वसाहत आत घेतली.

“हे काय चाललंय?” दाढीने विचारलं.

“न्हाणीघर बंद झालं तर एवढी कुटुंबं आपापल्या घरी पाणी तापवणार. त्याला वीज लागणार. म्हणजे जळायचं ते जळणारच, नुसतं भिंतीच्या त्या बाजूला. मग वाचलं काय? ही उष्णता वाया जातच नाहीये, कामाला येतेय. मी तसं मांडणार आहे. कोळसा आपण दुसरीकडून कमी करू.”

“दुसरीकडे काही उरलेलं नाही, ते तूच परवा म्हणालीस. बरं, आंघोळीला किती माणसं येतात?”

“सगळी वसाहत.”

“मोजलंस?”

“मी काय मोजायचं? मी तिथेच वाढले.”

दाढीने चष्मा काढला. “अगं बाई, तू मला आजवर एक आकडा अंदाजाने टाकू दिला नाहीस. माझं लग्न ठरलं तेव्हा तारीखसुद्धा दोनदा पडताळून घेतलीस.”

तिला हसू आलं, पण गाल गरम झाले. खरंच की, तिने मोजलं नव्हतं. डोळे मिटले की तिला ते दिसायचंच. वाफेत धूसर झालेल्या बायका, बादल्यांचा खणखणाट, रांगेवरून होणारी भांडणं, आणि कोणीतरी मध्येच ओरडायचं, ‘अगं, हौद काय माहेराहून आणलास का?’ आई त्या गोंगाटात तिला कडेवरून खाली उतरवायची तेव्हा पायाखालचा दगडही उबदार असायचा. सुखाची तिची कल्पना तिथे तयार झाली होती, आणि पुढे तिला त्याहून मोठी कल्पना काही सुचली नाही.

संध्याकाळी तिने मावशीला फोन केला. आईची ही धाकटी बहीण अजून वसाहतीतच राहत होती.

“मावशी, उद्या सकाळी न्हाणीघरात येते. मोजायचंय.”

“काय मोजायचंय?”

“किती जणी येतात ते. गर्दी असते ना गं अजून?”

मावशीने आधी हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, “ये की. चहा घेऊनच जा.”

सकाळी ती न्हाणीघराच्या दारात पोचली आणि तिथेच खिळून उभी राहिली. रांग थेट पायरीखाली आली होती! म्हाताऱ्या, सुना, लेकी, खांद्यावर टॉवेल, हातात बादल्या. आत वाफ कोंदली होती आणि आवाज तर विचारूच नका.

“ए भिंगरी! किती वाळलीस!”

“मोठी साहेबीण झाली ती. आता ओळख देते का बघ.”

“सरका, सरका, तिला मोजू दे. मला दोनदा मोज गं, मी दोघींच्या जागेत मावते.”

ती भिंतीला टेकून खुणा करत राहिली, आणि मध्येच खुणा करायचं विसरून नुसती बघत राहिली. सगळं होतं तसंच होतं. कोण म्हणतं काळ बदलला? दाढीला इथे आणून उभा करायला हवा होता.

मग शेजारच्या दोघींचं बोलणं कानावर आलं.

“पाणी इतकं कढत असतं होय इथे?” तरणी सून सासूला विचारत होती. “मला कधी बोलला नाहीत तुम्ही.”

“हळू बोल,” सासू म्हणाली.

हौदापलीकडे एक म्हातारी कुडकुडत टॉवेल गुंडाळत होती. “घरी एकदा झाली माझी सकाळी. दुसऱ्यांदा भिजतेय. सर्दी झाली तर औषध हिनेच आणायचं,” आणि तिने हनुवटीने मावशीकडे खूण केली.

आता तिला बाकीचंही दिसायला लागलं. खुंट्या इतक्या गंजलेल्या की सगळ्यांच्या टॉवेलांवर तांबडे डाग पडले होते. कोपऱ्यातल्या जाळ्या आज सकाळीच झाडून काढलेल्या. झाडू तिथेच पडला होता. साबणाच्या वड्या करकरीत नव्या, सगळ्या एकाच रंगाच्या. तिने पेन खिशात ठेवलं. एकेकीने तिच्या गालावरून ओला हात फिरवला, ‘जेवायला ये’ म्हटलं आणि निघून गेली. न्हाणीघर रिकामं झालं. हौदात पाणी पडत राहिलं आणि काठावरून ओसंडून गटारात जात राहिलं.

“किती दिवस झाले, मावशी?”

“कशाला?”

“कोणी येत नाही त्याला.”

मावशी बादली उलटी करून तिच्यावर बसली. “दिवस कसले, वर्षं म्हण. घरोघरी गिझर आले. अंगभर थंडी झेलत इथे कोण येतंय? मी येते कधीतरी, पाय शेकायला. तेही गुडघे धरले की.”

“मग हे काय होतं सगळं? माझी फजिती करायची होती?” तिचा आवाज चिरकला. “मी आकडा लिहून दिला असता, मावशी. मिलवाल्यांशी भांडले असते. तुमच्यासाठी!”

“आमच्यासाठी?” मावशी म्हणाली. “आम्हाला न्हाणीघर कशाला हवंय बाळा? आम्हाला मिल चालू हवी. आत्ता आल्या होत्या ना, त्यांतल्या निम्म्या जणींच्या घरातलं कोणी ना कोणी दुसऱ्या मशीनवर आहे.”

“मग का बोलावलंस त्यांना?”

मावशीने पदराने मान पुसली. “काल फोनवर तू विचारलंस, गर्दी असते ना अजून, म्हणून. हुबेहूब तुझी आई. दवाखान्यात पडल्या पडल्या ती हेच विचारायची रोज. तेव्हा मी तिला हो म्हणायचे, आणि ते खरं असायचं. तुला नुसतं हो म्हणून चालणार नव्हतं, तू मोजणार होतीस. आकडा शेवटी तू बरोबरच लिहिशील, ते मला ठाऊक आहे, तुझा स्वभावच तो. पण म्हटलं, बंद करायच्या आधी पोरीला एकदा भरलेलं दिसू दे. मी घरोघर जाऊन सांगितलं. एकीनेही नाही म्हटलं नाही बघ.”

ती दगडावर खाली बसली, कपड्यांसकट. रडू आलं ते तिने येऊ दिलं. मावशीने थोडा वेळ तिला रडू दिलं, मग उठून हौदात तांब्या बुडवला.

“वसाहतभर बायका न्हाऊन गेल्या आणि तू तशीच,” ती म्हणाली. “मान खाली कर.”

पहिला तांब्या डोक्यावर पडला तेव्हा ती एकदम श्वास घेऊन मोठ्यांदा हसली. मावशीची बोटं आता वाकडी झाली होती, पण केसांत फिरताना ती तशीच घाई करत होती, आणि तसंच दटावत होती, “हलू नकोस, डोळ्यांत जाईल.” हे वाक्य आईचं. दोघी बहिणींनी ते कुठून उचललं होतं कोण जाणे. तांब्यामागून तांब्या पडत राहिला. पाणी संपणारं नव्हतंच, म्हणून पुरे कोणी म्हणेना.

ती मिलमध्ये परतली तेव्हा अंगावर मावशीचा ढगळ झगा होता आणि केसांतून पाणी गळत होतं. मॅनेजर बघत राहिले आणि सभ्य माणसासारखे दुसरीकडे वळले. दाढीने पडदा तिच्याकडे फिरवला.

“मिलच्या सगळ्या गटारांच्या तोंडाशी मी आठवडाभर तापमापक लावले होते. न्हाणीघराच्याही. काल रात्री त्यांचे आकडे बघितले. तुला तेव्हाच सांगणार होतो, मग म्हटलं आधी जाऊन ये.” त्याने बोट पडद्यावर फिरवलं. “हे बघ. जेवढं गरम येतं तेवढंच गरम वाहून जातं. रोज.”

रेघ सपाट होती. आठवडाभर कोणी त्या पाण्याला हातसुद्धा लावला नव्हता.

“फक्त आज सकाळी खाली येते. चांगला मोठा खड्डा आहे. आजचा दिवस धरायचा का?”

“आज पाहुण्या आल्या होत्या,” ती म्हणाली. “धरू नकोस. वापर शून्य लिही. पाणी बॉयलरला परत.”

“नक्की?”

“नक्की.”

तिने लॅपटॉप ओढला आणि तुटक रेघ पुन्हा भिंतीच्या अलीकडे आणली. वसाहत बाहेर गेली. कोळशाचा बाण बारीक झाला, दुसरं मशीन वाचेल इतका, आणि लाल प्रश्नचिन्ह निघून गेलं. आत गेलेलं आणि बाहेर आलेलं पहिल्यांदाच जुळलं होतं. एरवी अशा वेळी दोघं चहा प्यायला बाहेर पडत.

दाढी अजून त्या सपाट रेघेकडेच बघत होता.

“एवढं एक कळत नाही. मोठ्या खड्ड्यानंतर रेघ वर येते, बरोबर आहे, सगळ्या गेल्या. मग थोड्या वेळाने पुन्हा जराशी खाली येते. हा एवढासा खड्डा कोणाचा?”

तिने केस दोन्ही हातांनी मागे घेतले आणि पिळले. फरशीवर पाणी सांडलं.

“तो माझा,” ती म्हणाली. “तो पुसू नकोस. फक्त हिशेबात धरू नकोस.”