हक्कना

मी एक जुनी निळी पेटी आहे. मित्रांनो, पेटी म्हटलं की तुम्हाला दागिन्यांची आठवते, नाहीतर गाण्याची. मी लशीची पेटी आहे. कडेने बर्फाच्या चपट्या बाटल्या आणि मधे लशीच्या कुप्या घेऊन मी येमेनच्या डोंगरांत गाढवावरून हिंडले. उन्हाने पाठ भाजली तरी पोटातला गारवा मी सोडला नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझा जन्म एका श्रीमंत देशातल्या कारखान्यात झाला. निघताना माझ्या कपाळावर त्या देशाचा झेंडा चिकटवला आणि खाली लिहिलं, 'आमच्या जनतेकडून भेट'. तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. काही भेटींचे उपकार जन्मभर ऐकून घ्यावे लागतात, हे पुढे कळलं.

डोंगरातल्या दवाखान्यात लस टोचणारी हुर्रिया मला जिवापाड जपायची. मला पाहताच पोरं गच्चीवर पळायची, कारण मी आले म्हणजे सुई आली. एका वर्षी लढाईने रस्ता बंद झाला आणि मी पोहोचलेच नाही. त्या वर्षी दवाखान्याचा राखणदार कायद याची थोरली मुलगी गोवराने गेली. तेव्हापासून कायदची आई, हज्जा फारिआ, मी यायच्या दिवशी वाटेवर येऊन उभी राहायची. आता घरात दुसरी नात होती, उल्फत. तिच्या गोवराच्या लशीचा महिना जवळ आला होता.

नेमका तेव्हाच त्या श्रीमंत देशाने हात आखडता घेतला. आमचीच दुखणी आम्हाला थोडी आहेत का, असं तिथले लोक विचारू लागले म्हणे. लस येईना. मी दवाखान्याच्या कोपऱ्यात पडून राहिले. कायदने मात्र संधी साधली. दुपारी गालात धरून चघळायचा नशेचा गातचा पाला सुकू नये म्हणून तो माझ्यात ठेवू लागला. आमच्याकडच्या पुरुषांना गारवा दिसला की आधी गात आठवते, मग बायकापोरं. मी चरफडले, पण पेटीला कुठे दात असतात?

एके दिवशी त्या देशाचा पाहुणा शेवटची पाहणी करायला आला. सोबत राजधानीतला दुभाष्या होता, तौफीक. पाहुण्याने माझं झाकण उघडलं. आत ओल्या फडक्यात गातची जुडी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुणा वाईट माणूस नव्हता. तो थकल्यासारखा हसला आणि म्हणाला, आमच्या लोकांचा पैसा असा वाया जातो. मग झेंड्यावर बोट ठेवून त्याने विचारलं, ही पेटी कुणाची?

हज्जा फारिआ सहज म्हणाली, "हक्कना."

आमच्या डोंगरात 'हक्कना' म्हणजे 'आमची'. शेळी हक्कना, खाट हक्कना. पण हक्क म्हणजे काय ते तुम्हीही जाणता, मित्रांनो. तो शब्द तुमच्या मराठीतही कधीचाच येऊन राहिला आहे. गोंधळलेल्या तौफीकने पुस्तकी अर्थ सांगितला, "ती म्हणते, हा आमचा हक्क आहे."

पाहुण्याचा चेहरा बदलला. आम्ही माणुसकीने देतो, त्यात हक्क कुठून आला, असं त्याने विचारलं. तौफीकला आपली चूक उमगली. तो हळूच म्हणाला, "हज्जा, माझ्याकडून घोळ झाला. तुम्ही नुसते आभार माना, बाकी मी सावरून घेतो. अजून त्यांच्या शब्दाला वजन आहे."

उल्फत आजीच्या कडेवर तिच्या ओढणीशी खेळत होती. हुर्रियाने म्हातारीचा हात दाबला. एक गोड शब्द, आणि कदाचित लस आली असती. मलाही वाटलं, बोलून टाक बाई.

"घोळ कसला रे?" हज्जा म्हणाली. "चुकून का होईना, खरं बोललास. पाला ठेवला तो माझ्या या गाढव पोराने, त्याचं मी बघते. पण पलीकडच्या डोंगरावर बाँब पडला, त्याच्या पत्र्यावरही यांच्याच मुलखाची अक्षरं होती. तो येताना कुणी विचारलं नाही, नीट वापराल का म्हणून. तो घरपोच येतो, आणि लशीसाठी मी पदर पसरायचा?"

तौफीकने सगळं जसंच्या तसं सांगितलं. पाहुण्याने माझं झाकण लावलं. मग म्हणाला, माझ्या आईलाही तिकडे दवाखान्यात महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते.

"देव तिला बरं करो," हज्जा म्हणाली. "पण तिची रांग माझ्या नातीने लांबवलेली नाही."

पाहुणा निघाला. मदत थांबली की झेंडा उतरवायचा, या नियमाप्रमाणे जाताना त्याच्यासोबतच्या माणसांनी माझ्यावरचा झेंडा खरवडून काढला. बाकी अंग उन्हाने विटलं होतं, पण त्या चौकोनात माझा मूळचा निळा रंग तसाच होता.

त्यानंतर कायदने मला घासून धुतलं. आईने त्याला काय काय ऐकवलं ते सांगत नाही. गाढवाचं भाडं द्यायलाही आता कुणी नव्हतं. एका पहाटे त्याने मला पाठीला बांधलं आणि तो डोंगर उतरून शहरातल्या लशीच्या कोठारावर गेला. दुपारी गातची वेळ झाली तरी त्याचा गाल रिकामाच होता.

कोठारात थोडा साठा उरला होता. कोठारवाल्याने माझ्याकडे पाहिलं. झेंडा नाही, नाव नाही. "ही पेटी कुणाची?" त्याने विचारलं.

"हक्कना," कायद म्हणाला.

कोठारवाल्याला दुभाष्या लागला नाही. त्याने कायदकडे पाहिलं आणि माझ्या पोटात कुप्या ठेवल्या. दोन दिवसांनी सुई टोचताच उल्फत अशी भोकाड पसरून रडली की हज्जाला हसू आवरेना.

पण त्या कुप्या शेवटच्या होत्या. पलीकडच्या वाडीतली पोरं अजून राहिली आहेत, आणि कोठाराच्या फळ्या रिकाम्या आहेत. म्हणून सांगते मित्रांनो, मला धुवा, पुसा, सावलीत ठेवा. ज्यांच्याकडे आहे त्यांना सांगा, ही पेटी भरा. मात्र ती भरताना माझ्या कपाळावर काही चिकटवू नका. ती जागा आता मोकळीच राहू द्या.