फिद्दाने कॉफी खाली ठेवली

पाणी न पिण्यात फिद्दाच्या टोळीतल्या बायांचा हात धरणारं अख्ख्या बेका खोऱ्यात कुणी नव्हतं. सरहद्दीपलीकडच्या रक्क्याकडून बटाटे काढायला आलेल्या या बाया पहाटे एक घोट घेत आणि दुसरा थेट तंबूत परतल्यावर. मधे टाळू तापली तरी ओठ ओले करायच्या नाहीत. सपाट रान, आडोशाला झुडूप नाही, चहूकडे पुरुष. पाणी प्यायलं तर जायचं कुठे?

या हट्टापायी फिद्दाची लेक नौफा आजारी पडली. डॉक्टरबाईंनी स्पष्टच सांगितलं, "दिवसभर पाणी पीत जा, नाहीतर मूत्रपिंडं जातील."

"जाऊ देत," नौफा घरी येऊन म्हणाली. "मी उघड्यावर बसणार नाही, आई." पोरगी आईवरच गेली होती, बोलली म्हणजे बोलली. फिद्दा तशीच उठली.

तिने मुकादमाला गाठलं. दहाम तिचा लांबचा पुतण्या.

"दहाम, मालकाला सांग, शेतात संडास बांध म्हणावं."

"काकू, बटाट्यांत संडास? हसेल की तो मला!"

"हसू दे. दात पडणारेत का त्याचे?"

"मला नाही जमायचं, काकू. लाज वाटते."

"तुला बोलायची लाज वाटते, आम्हाला बसायची. तुझी लाज तेवढी खरी, होय रे?"

त्याच आठवड्यात मालकाला, अबू मलहमला, नातू झाला. मुबारक द्यायला सगळं खोरं लोटलं. फिद्दाही नौफाला आणि चार बायांना घेऊन गेली. अंगणात पाहुणे दाटीवाटीने बसले होते. रीतीप्रमाणे कडू कॉफीचा इवलासा पेला हातात आला. फिद्दाने तो न पिता समोर ठेवून दिला. तिच्यामागून बाकीच्या बायांनीही ठेवले.

अंगणातल्या सगळ्या माना वळल्या. पाहुण्याने पेला खाली ठेवला म्हणजे त्याचं काही मागणं आहे, आणि त्याला तसंच परत पाठवलं तर घराण्याची अब्रू गेली, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण पेला ठेवायचे ते जमातीचे म्हातारे, खुनाच्या तंट्यात नाहीतर सोयरिकीत. मजूर बाईने ठेवलेला कुणी पाहिला नव्हता. दहामने तोंड रुमालात खुपसलं.

"कॉफी घ्या, उम्म नौफा," लेकीच्या नावाने तिला हाक मारत अबू मलहम कपाळाला आठ्या घालून म्हणाला.

"घेऊ की. आधी मागणं ऐका."

"आजच्या आनंदाच्या दिवशी?"

"आनंदाच्या दिवशी माणसाला नाही म्हणवत नाही, म्हणून तर आले."

"बरं, बोला."

वाटभर घोकलेलं सगळं फिद्दा विसरली. एवढ्या पुरुषांसमोर तो एक शब्द काही तोंडातून फुटेना. मग तिची नजर कमरेवर हात दाबून बसलेल्या नौफाकडे गेली.

"शेतात बायांसाठी संडास पाहिजे. आतून कडी असलेला. आणि सावलीत पाण्याची टाकी. माझी पोर तुमचे बटाटे काढताना पाण्यावाचून वाळत चाललीय, अबू मलहम."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर बसू इथेच," बोळक्या तोंडाची म्हातारी खतून म्हणाली. "न पिता बसायची सवय आम्हाला तुमच्याच शेतात लागलीय!"

सगळं अंगण खो खो हसलं. अबू मलहमने हसू दाबून पाहिलं, पण त्याचंही पोट हलायला लागलं.

"दिला! संडास दिला, टाकीही दिली. प्या आता, थंड झाली."

फिद्दाने थंडगार कॉफी एका दमात संपवली. पुरे झालं की पेला हलवून परत द्यायचा असतो. तिने हलवला नाही, पुन्हा भरायला पुढे केला.

पुढच्याच आठवड्यात शेताच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्या आणि छपराखाली पाण्याची टाकी उभी राहिली. पहिल्या दिवशी बटाटे कुणी काढलेच नाहीत म्हणा ना! बाया हौसेने पाणी पीत होत्या, रांगेत उभ्या राहत होत्या आणि आतल्या बाईला "झोपलीस काय गं?" म्हणून दार वाजवत होत्या. दहाम ओरडून ओरडून थकला.

नौफाने आतून कडी लावली, ती बाहेर सगळ्यांना ऐकू आली. मग बाहेर येऊन ती टाकीपाशी गेली आणि भर दुपारी, सगळ्यांदेखत, तांब्याभर पाणी गटागट प्यायली. फिद्दा हातातलं काम टाकून लेकीकडे बघत राहिली आणि खुशाल रडली. नौफाने तांब्या पुन्हा टाकीत बुडवला.