वरची माती, खालची विहीण

होडी चिखलात रुतली तेव्हा मावशींना हसू आवरेना. गेल्या वर्षी याच जागी अख्खा बांबू बुडत होता. होडीवाला जुन्या आठवणीवर वल्ही मारत आला आणि नदीने नव्याने टाकलेल्या गाळावर जाऊन बसला. वर ओहोटी पार तळाला गेलेली. भरतीशिवाय सुटका नव्हती.

होणाऱ्या विहीणबाईंना मावशी स्वतः धक्क्यावरून आणायला गेल्या होत्या. विहीणबाई वरच्या डोंगरातल्या. त्यांच्या मुलाने मावशींच्या भाचीशी लग्न करून इथेच राहायचं ठरवलं होतं, आणि घरजावई होऊन चिखलात लोळायला मी पोरगा वाढवला नाही, असं सांगायलाच त्या आल्या होत्या. आईविना वाढवलेली भाची डोंगरात गेली, तर मावशींना घर खायला उठणार होतं. पण हे तोंडाने कबूल करतील तर त्या मावशी कसल्या.

विहीणबाई होडीतून उतरल्या, घोट्यापर्यंत रुतल्या आणि विचारलं, हिला जमीन म्हणता?

"आत्ताच जन्मलीय. बाळंतिणीच्या खोलीत येऊन नाक धरू नये," मावशी म्हणाल्या.

मग त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला. नदी डोंगरातून धावत येते तोवर माती तिच्या काखेत असते. समुद्राजवळ सपाटी लागली की चाल मंदावते, दमते, आणि बाजारातून आलेल्या बाईसारखी उंबऱ्यातच बोचकं टाकते. पुढच्या खेपेला त्याच बोचक्याला अडखळते आणि बाजूने वाट काढते. अशा वाटा काढता काढता एकीच्या दहा नद्या झाल्या, आणि मधल्या बोचक्यांवर आमची शेतं. दगडधोंडे ती तुमच्याकडेच ठेवते, साय तेवढी इथवर येते. वरच्या साऱ्या गावांचं शेण, राख, पाचोळा, सगळं त्यात. म्हणून इथे काठी रोवली तरी पालवी फुटते.

विहीणबाईंनी वाकून मूठभर गाळ घेतला, चोळला, हुंगला. दरवर्षी पावसात त्यांचं शेत झिजायचं. नवरा बांध घालून घालून थकला होता.

"म्हणजे माझी माती तुम्ही पळवलीत?"

"आम्ही कशाला? तीच पळून आली. आता पोरगाही तिच्या मागे आला, तर नवल काय?"

होडीवाला खो खो हसला. विहीणबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो वल्ही पुसायला लागला. तेवढ्यात भरतीचं पाणी चढू लागलं, होडी हलली. मावशींनी हात पुढे केला, तर बाई कंबरेवर हात ठेवून उभ्या.

"माझी माती, माझा मुलगा, दोन्ही तुमच्या पदरात. मग हा तुकडा माझ्या नावाचा. दिला म्हणा, तरच चढते."

या तुकड्यावर मावशींनी मनातल्या मनात भोपळ्याचे वेलही चढवले होते. पाणी विहीणबाईंच्या गुडघ्याला लागलं. बाई हलेनात. आपल्याइतकी हट्टी बाई मावशींनी जन्मात पाहिली नव्हती, आणि त्यांना ती एकदम आवडूनच गेली.

"दिला. चढा आता."

पण पाय निघतील तर ना. मावशी ओढायला उतरल्या आणि स्वतःच फतकल मारून बसल्या. शेवटी होडीवाल्याने दोघींना मुळ्यासारखं उपटून आत टाकलं. तोंडभर चिखल, आणि दोघी हसून हसून आडव्या.

श्वास परतला तसं विहीणबाईंनी विचारलं, आधी काय लावायचं?

आधी गवत, मावशींनी सांगितलं. त्याने गाळ धरून ठेवला, तुकडा भरतीच्या वर आला, की मग पीक.

"आणि तोवर?"

"तोवर लग्न उरकून घेऊ."