सात नंबरच्या बंगल्याचा पंखा

दौंडच्या उन्हात ज्या गोऱ्या साहेबांनी घराघरात शेकोटी आणि वर धुराडं बांधलं, त्यांच्या अकलेचं कौतुक करायला दर रविवारी पुण्याहून माणसं येत. खोटं वाटेल, पण येत. पानशेतच्या पुरात तिकडचे जुने वाडे वाहून गेले, तेव्हापासून शिकलेल्या लोकांना जुन्या दगडांचा भारी उमाळा आला होता. पुढच्याच उन्हाळ्यात ही मंडळी आमच्यापर्यंत येऊन पोचली. सकाळच्या गाडीने उतरायची, गळ्यात कॅमेरे, डोळ्यांवर काळे चष्मे, आणि बापूसाहेब त्यांना रेल्वेच्या वसाहतीतून पायी फिरवायचे.

बापूसाहेब म्हणजे रेल्वेच्या कचेरीतले जुने हेडक्लार्क. नोकरी संपली होती, साहेबही कधीच बोटीत बसून गेले होते, पण बापूसाहेबांच्या तोंडातून काही गेले नव्हते. विलायतेच्या राणीचं नाव असं घेत, की ऐकणाऱ्याला वाटावं ती यांची सख्खी आत्या. हातात वेताची काठी. काठीनेच दाखवायचे: ही कमान बघा, ही लाकडाची झालर बघा, हे कौल बघा, राणीच्या काळातलं आहे. आधी चर्च, मग साहेबांचं नाचघर, आणि शेवटी सात नंबरचा बंगला.

त्या बंगल्याच्या मागे नोकरांसाठी बांधलेली एक खोली होती. तिच्यात मी आणि माझे अब्बा राहायचो. माझं नाव सरदारबी. न्हावऱ्याला दिलं होतं, नवरा गेल्यावर दिरांनी चार दिवस गोड बोलून पाचव्या दिवशी एसटीत बसवलं. तेव्हापासून रेल्वेच्या दवाखान्यात आयाचं काम करत होते. अब्बांना सगळी वसाहत पाशामामू म्हणायची. विजेचे पंखे यायच्या आधी ते या सात नंबरमध्ये पंखा ओढायच्या कामावर होते. छताला टांगलेली लाकडी फळी, तिला कापडाची झालर, तिची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात. पंखेवाल्याने बाहेर फरशीवर बसून ती ओढायची. साहेबाला वारा लागला पाहिजे, पण माणूस दिसता कामा नये, म्हणून ते भोक.

रिकामे बंगले पाडून तिथं नव्या चाळी बांधायचं वर ठरलं होतं. पाच नंबर पडला, सहा नंबर पडला. पाच नंबरच्या मागं झाडूवाली नकुशी राहायची, ती आपली भांडीकुंडी घेऊन मालधक्क्यावर गेली आणि तिथेच पोत्यांच्या आडोशाला निजायला लागली. सात नंबर तेवढा उभा होता, आणि तो बापूसाहेबांमुळे उभा होता, हे मला नाकारता येत नाही. त्यांनीच वरच्या साहेबांना पटवलं, की पुण्यामुंबईची मोठी माणसं हा बंगला बघायला येतात. आम्हाला ते हे दर आठवड्याला ऐकवायचे.

“लोक येतात म्हणून बंगला आहे, सरदारबी. आणि बंगला आहे म्हणून तुमची खोली आहे. ध्यानात ठेव.”

ध्यानात होतंच. विसरायला दुसरी जागा होती कुठं?

अब्बा रविवारी त्या लोकांसाठी दारं-खिडक्या उघडून देतात, झाडलोट करतात, एवढंच मला माहीत होतं. रविवारी माझी दवाखान्यात पाळी असायची. एका रविवारी दुसरीबरोबर पाळी बदलली आणि सकाळीच घरी आले. खोलीत अब्बा नव्हते. व्हरांड्याकडून हसण्याचा आवाज आला म्हणून वळसा घालून पुढं गेले.

अब्बा फरशीवर उताणे पडले होते. उजवा पाय वर, अंगठ्यात दोरीचा फास, आणि पाय खालीवर, खालीवर. डोक्याला कुठून तरी आणलेला लाल पटका. वरून उन्हाची तिरीप थेट डोळ्यांवर येत होती, म्हणून डोळे मिटलेले. आणि भोवती ती सगळी मंडळी वाकून उभी. एक बाई खाली बसून त्यांच्या पायाचा फोटो काढत होती. दुसरी आतून, पंख्याखालून ओरडली, “अगं, खरंच वारं लागतंय! किती गार!” फोटोवाली म्हणाली, “आणि हा म्हातारा किती गोड आहे बघ.”

दवाखान्यात मी रोज माणसांची घाण उचलते. रक्त, पू, ओकारी, सगळं. कधी नाक मुरडलं नाही. त्या बाईच्या तोंडून ‘गोड’ ऐकलं आणि माझ्या घशाशी आलं. माझा बाप काय जिलबी आहे?

बापूसाहेब सांगत होते, “आमचे पाशामियाँ हाताने नाही, पायाने ओढायचे. दुपारभर. झोप लागली तरी पाय चालू. हा बघा तो अंगठा.” आणि काठीचं टोक त्यांनी अब्बांच्या अंगठ्यावर टेकवलं. नुसतं टेकवलं नाही, दोनदा टकटक केली, जशी मघाशी कमानीवर केली असेल.

“काठी काढा!” मी ओरडले. “आधी काठी काढा ती! लाज न्हाई वाटत? तुमच्या बापाला झोपवा इथं फरशीवर, आन् काढा त्याच्या तंगडीचे फोटू!”

सगळे बाजूला झाले. मी अब्बांच्या अंगठ्यातला फास काढला, त्यांना दंडाला धरून उठवलं आणि तशीच आत घेऊन गेले. आत पंख्याखाली साहेबाची लांब हाताची आरामखुर्ची मांडून ठेवली होती. तिच्यात त्यांना बसवलं. जन्मभर त्या खोलीत वारा घातला, पण त्या वाऱ्याखाली ते आजवर कधी बसले नव्हते. मी भोकाकडं तोंड करून बाहेर ओरडले, “बापूसाहेब, वढा आता तुम्ही!”

मग दोरी ताणली. पंखा कुरकुरला, हलला, झालरीतली धूळ अब्बांच्या पटक्यावर पडली. आणि टाळ्या सुरू झाल्या.

मला आधी कळेचना. सगळी मंडळी दारातून आत डोकावून टाळ्या वाजवत होती. दाढीवाले एक प्राध्यापक पुढे आले आणि म्हणाले, “वा, बाई! काय बसवलंय! बापूसाहेबांनी आधी पत्ताच लागू दिला नाही.” बसवलंय! त्यांचीही चूक म्हणावी तर कशी? बापूसाहेब दर रविवारी कँटीनच्या सर्जेरावाला पांढरा कोट आणि कमरपट्टा घालून बटलर करायचे, त्याच्याकडून झुकून चहा देववायचे, हे मला मागाहून कळलं. या लोकांनी मलाही त्याच माळेत ओवलं. खरं बोलणारं माणूस त्या बंगल्यात असू शकतं, हे त्यांच्या डोक्यातच येईना.

आणि अब्बा? ते खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसले होते. पाठ टेकवली नव्हती. वर पंख्याकडे बघितलंही नव्हतं. भोकाकडं मान वळवून हळूच म्हणाले, “उठू का, साहेब?” मला नाही विचारलं, बापूसाहेबांना विचारलं.

मंडळी गाडीला गेली. मला वाटलं, आता बापूसाहेब येतील, शिव्या घालतील, खोली सोडा म्हणतील. ते आले खरे, पण हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. उंबऱ्यात उभं राहून म्हणाले, “सरदारबी, लोक गाडीत बसेपर्यंत तुझंच बोलत होते. प्राध्यापक पुढच्या रविवारी आणखी माणसं आणतायत. तू असंच यायचं.”

“असंच म्हंजी कसं?”

“असंच रागानं. मी काठी लावली, की जरा थांबायचं, लोकांना अंगठा नीट बघू द्यायचा. मग बाहेर ये. ते ‘तुमच्या बापाला झोपवा’ तेवढं सोडू नकोस. ते फार चांगलं आहे.”

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. त्या तोंडावर खवचटपणा असता तर बरं झालं असतं. नव्हता. माणूस मनापासून माझी तारीफ करत होता, आणि त्याचीच मला जास्त शिसारी आली. ते गेल्यावर पेढ्यांचा पुडा मी उकिरड्यावर भिरकावला.

“अब्बा, चला इथनं,” मी म्हणाले. “न्हावऱ्याला जाऊ. दिराच्या पाया पडंन मी.”

“दिराच्या पाया पडशील,” अब्बा म्हणाले, “आन् हितं जरा ओरडायला तुला जड जातंय?”

“अब्बा, तुमच्यासाठी ओरडले मी! तुमच्या अंगाला काठी लावली त्यांनी!”

“लागली का पर मला? न्हाई लागली. नकुशी कुठं निजती बघितलंस न्हवं? पावसाळ्यात काय करंल ती? माझ्यानं न्हाई व्हनार या वयात.” ते उठले आणि उकिरड्याकडं गेले. पुडा उचलला, माती झटकली, एक पेढा तोंडात टाकला. “ओरड की जरा, पोरी. तुझ्या तोंडाला तर मूळचीच धार हाय.”

एक बाप, एक खोली, आणि पुढं तोंडावर आलेला पावसाळा.

पुढच्या रविवारी मी पुन्हा पाळी बदलून घेतली आणि दाराच्या मागं उभी राहिले. मागच्यापेक्षा गर्दी जास्त होती. काठी टेकली. मी ठरल्याप्रमाणं थांबले. मग बाहेर आले आणि ओरडले. शब्द तेच, हातवारे तेच. स्वतःचा आवाज ऐकून अंगावर पाल पडल्यासारखं झालं. बापूसाहेबांनी दोरी ओढली, टाळ्या पडल्या, अब्बा या खेपेला खुर्चीत जरा मागं रेलून बसले. झालं एकदाचं, म्हणून मी तोंडावर पाणी मारायला निघाले.

तेवढ्यात मागं राहिलेला एक गृहस्थ अब्बांजवळ गेला. खुर्चीवरून उतरायला अब्बांनी पाय खाली सोडला होता. दोरीने पडलेला घट्टा नीट दिसेना, म्हणून त्या माणसानं आपल्या बुटाच्या टोकानं अब्बांचा पाय वळवला. बुटानं. बैलाचा खूर बघावा तसा.

हे काही ठरलेलं नव्हतं. काय बोलले ते मला धड आठवत नाही. शिव्या दिल्या एवढं खरं. न्हावऱ्याला ऐकलेल्या होत्या तेवढ्या सगळ्या दिल्या. त्याच्या छातीला धक्का दिला. आवाज चिरकला, रडू फुटलं, भिंतीला धरून खाली बसले.

बाहेर गेलेली मंडळी धावत परत आली. दारात दाटी झाली. त्या माणसानं छातीवरची धूळ झटकली, हसला आणि टाळ्या वाजवायला त्यानंच सुरुवात केली. मग सगळ्यांनी. मागून कुणीतरी ओरडलं, “वन्स मोअर!”

मी मान वर केली. अब्बा खुर्चीतून माझ्याकडं कौतुकानं बघत होते. गर्दी पांगल्यावर ते जवळ आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बापूसाहेबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, “दुसऱ्या खेपेचं लई झ्याक झालं, पोरी. हितनं पुढं तेच ठेव.”