बिनमिठाचं पान

ग्लेंडाची मिठाची चिमूट लहान पातेल्यावर गेली, तसं यूडीनने तिचं मनगट वरच्यावर धरलं.

“ह्यात नाही. मीठ त्या मोठ्या पातेल्यात. हे म्हाताऱ्यांचं आहे.”

“चिमूटभरही नाही?”

“कणभरही नाही. गेलेली माणसं मिठाला शिवत नाहीत. वाटेत मिठाची रेघ असली तर ती ओलांडत नाहीत, आणि तू त्यांना मीठ खायला घालतेस.”

ग्लेंडाने चिमूट मोठ्या पातेल्यात झटकली आणि बोटं स्कर्टला पुसली. विंडवर्ड गावच्या चढावरच्या या अंगणात यूडीनची आई, मा टिल्डा, गेल्यापासून चूल पेटली नव्हती. आज दोन पेटल्या होत्या. एकीवर गावासाठी बोकडाचा रस्सा तुरीचे दाणे घालून रटरटत होता, दुसरीवर मक्याच्या पिठाचा कूकू. यूडीन तो लाकडी दांडक्याने घोटत होती आणि वाजवीपेक्षा जास्त जोर लावत होती.

साराका कुणी हौसेने घालत नाही. गेलेलं माणूस घरच्या कुणाच्या तरी स्वप्नात येतं, भूक लागली म्हणतं, मग गावजेवण घालावं लागतं आणि घरात त्याचं पान वाढावं लागतं. कॅरिबियनमधल्या कारियाकू बेटावर ह्यात नवल काहीच नाही. मा टिल्डाही तशीच आली होती. फक्त ती पोटच्या पोरीला सोडून घरातल्या भाडेकरणीच्या, ग्लेंडाच्या, स्वप्नात आली होती, आणि ही गोष्ट काही केल्या यूडीनच्या घशाखाली उतरत नव्हती.

“मिस ग्लेंडा, धुराने डोळे गेले तर तिकडचे डॉक्टर आम्हाला शिव्या घालतील,” सुरी धुता धुता कॉस्मस म्हणाला. यूडीनचा हा चुलतभाऊ धक्क्यावर रमचं दुकान चालवायचा. बोकड त्यानेच कापला होता. “तुम्ही सावलीत बसा. काम करायला आमची यूडी आहे. ब्रुकलिनला जाऊन एवढंच शिकून आलीय.”

“तू तर तेवढंही शिकला नाहीस,” यूडीन म्हणाली.

कॉस्मसच्या दुकानात ग्लेंडाचा विषय शिळा होतच नसे. ही परदेशी माणसं इथे का येतात? दिवे जातात, हौद आटतात, दात दुखला तर बोट पकडून मोठ्या बेटावर जावं लागतं. ज्या सुखासाठी अर्धं गाव ब्रुकलिनला नि टोरँटोला गेलं, ते सुख टाकून ही माणसं उलट्या वाटेने येतात आणि सूर्यास्त बघत बसतात. एक जर्मन होडी बांधायला म्हणून आला, त्याच्या होडीच्या नुसत्या फासळ्याच अजून किनाऱ्यावर उभ्या आहेत. एक जोडपं सरकारी करांना कंटाळून आलं आणि डासांना कंटाळून गेलं. कॉस्मसचं म्हणणं ठरलेलं होतं. इथे येणाऱ्याच्या एक तर कुणीतरी मागे लागलेलं असतं, नाहीतर मागे कुणी उरलेलं नसतं.

ग्लेंडाची उत्तरं मात्र माणसागणिक बदलायची. पाद्र्यांना तिने सांगितलं, गुडघ्यांना ऊन हवं. कचेरीत सांगितलं, इथे पेन्शन पुरते. कॉस्मसला सांगितलं, शांतता आवडली. तीन माणसांना तीन कारणं म्हणजे खरं चौथंच, हे कॉस्मसने तेव्हाच ओळखलं होतं. ते चौथं कारण गेल्या रविवारी ह्याच घराच्या पायरीवर बसून तिने यूडीनला सांगितलं.

ते स्वप्न तिला बेटावर पडायला लागलेलं नव्हतं. ते सडबरीत, कॅनडाच्या त्या थंडगार गावात पडायला लागलं. बाहेर बर्फ, नवरा गेलेला, मूलबाळ नाही, आणि पहाटे एक काळी म्हातारी अनवाणी येऊन तिच्या पलंगाच्या पायथ्याशी बसायची. अंगाला लाकडाच्या धुराचा वास. डाव्या कानाची पाळी फाटलेली. पुढे कुत्रीला डॉक्टरकडे नेलं तेव्हा तिथल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात समुद्र होता, किनाऱ्यावर अर्धवट होडी होती आणि वर चढावर निळ्या दाराचं घर. म्हातारीच्या मागे रोज दिसायचं तेच. कुत्री गेली, आणि ग्लेंडाने घर विकायला काढलं.

“तुला भीती नाही वाटली?” यूडीनने विचारलं होतं.

“आधी वाटली. मग सवय झाली. कुणीतरी येत होतं ना माझ्याकडे.” ग्लेंडा पुढे म्हणाली होती, “ती म्हणते, भूक लागली. मग म्हणते, पिपिरितला सांग. हा पिपिरित कोण, मला कळलं नाही. म्हणून इतके दिवस बोलले नाही.”

पिपिरित म्हणजे उजाडायच्या आधी ओरडणारं चिमुकलं पाखरू. लहानपणी यूडीन सगळ्यांच्या आधी उठून बडबड सुरू करायची, म्हणून आई तिला त्या नावाने हाक मारायची, तीही दोघीच असताना. कॉस्मसलासुद्धा ते नाव ठाऊक नव्हतं. त्या रविवारी भर उन्हात यूडीनच्या अंगावर काटा आला. आणि लगेच, तिची तिलाच लाज वाटावी असा राग आला. आईचा.

आई गेली तेव्हा ती ब्रुकलिनमध्ये होती. कागदपत्रं नव्हती. देश सोडला असता तर परत शिरता आलं नसतं आणि इथल्या घराचं छप्पर तिच्या तिकडच्या कमाईवर उभं होतं. ती एका म्हातारीला सांभाळायची, तिच्या घराच्या तळघरात राहायची. आईला माती दिली त्या दिवशी ती दुसऱ्याच्या आईला चमच्याने सूप भरवत होती. त्यानंतर दर वर्षी सर्वसंतांच्या, म्हणजे गेलेल्यांना आठवायच्या दिवशी तिने तळघरात मेणबत्ती लावली, उशाशी पाण्याचा पेला ठेवला. आई आली नाही. कॉस्मसने फोन करून आईच्या घराला भाडेकरीण मिळतेय म्हणून सांगितलं, त्या निमित्ताने यूडीन जी परत आली ती राहिलीच, तरीही आई आली नाही. आईच्या पलंगावर झोपायचा धीर तिला कधी झाला नाही. वरचं घर ग्लेंडाला देऊन ती खाली पाण्याला लागून असलेल्या लाकडी खोपटात राहू लागली आणि वाट बघत बसली. आईने माफ केलं नाही, एवढाच तिने त्याचा अर्थ लावला.

“यूडीन, एक विचारू?” ग्लेंडा शेजारी येऊन बसली. “ती जेवली की जाईल का गं?”

“जेवली की माणूस घरी जातं.” यूडीनने दांडकं पातेल्याच्या काठावर आपटलं. “अजून रोज येते?”

“रोज पहाटे. पण आता बोलत नाही. खिडकीशी उभी राहते आणि खाली बघत असते. तुझ्या घराकडे.”

“मग पाच पावलं उतरून यायला काय धाड भरली होती तिला?” यूडीन एकदम म्हणाली. कॉस्मस सुरी धुता धुता थांबला. “पार त्या सडबरीपर्यंत गेली. तिला वाट कुणी दाखवली तिकडची? मी होते तिच्या वाटेवर. ब्रुकलिनला. मी तिची मुलगी.”

चुलीतलं लाकूड तडतडलं. ग्लेंडाने समजूत घालायचा प्रयत्न केला नाही, हे तिने बरं केलं.

“तिकडे कशी यायची, ते तरी सांग,” यूडीन म्हणाली. “खिडकीतून? भिंतीतून?”

“छे. समोरच्या दारातून. पायऱ्यांवर पावलं ऐकू यायची. गेल्यावर बघावं तर जमिनीवर थोडी वाळू.”

“बर्फात वाळू कुठली?”

“मीच टाकायचे ना पायऱ्यांवर, कुणी घसरू नये म्हणून. शेजारी सगळे मीठ टाकायचे. मिठाने बर्फ विरघळतो, पण माझ्या कुत्रीचे पंजे चिरायचे. अख्ख्या गल्लीत बिनमिठाच्या पायऱ्या माझ्याच. त्यावरून बोलणीसुद्धा खायचे.”

यूडीनचं दांडकं थांबलं.

ब्रुकलिनच्या त्या घराच्या दाराआड एक बादली असायची, जाड्याभरड्या मिठाची. बर्फ पडला की यूडीन सगळ्यात आधी उठायची, पिपिरितच ती, आणि रस्त्यापासून दारापर्यंत, मग तळघराच्या पायऱ्यांवर, अगदी शेवटच्या पायरीपर्यंत मीठ पसरायची. म्हातारीचा मुलगा कौतुक करायचा, यूडीन असताना कुणी पडायचं नाही म्हणून. बर्फ संपला तरी पायऱ्यांच्या सांदीत ते पांढरं उरायचं, वसंतातल्या पावसापर्यंत. मिठाला गेलेली माणसं शिवत नाहीत, हे तिला चालायला लागल्यापासून ठाऊक होतं. आणि सगळे हिवाळे तिने आपल्या हाताने, मुठी भरभरून, आपल्याच दाराशी मीठ टाकलं होतं. एकदासुद्धा तिच्या ध्यानात आलं नाही. तिकडे गेलं की माणूस तिकडचं होतं, दुसरं काय.

“लागेल खाली,” कॉस्मस म्हणाला. “यूडी, कूकू लागेल.”

तिने पातेलं उतरवलं. कूकू वाडग्यात काढायचं काम ग्लेंडाने केलं.

दुपारी गाव जेवून गेलं. ऊन उतरल्यावर मा टिल्डाच्या खोलीत पान मांडलं. पांढरं कापड, वर कूकूचा उलटा केलेला गोळा, आधीच बाजूला काढलेलं बिनमिठाचं मांस, पाणी, रमचा घोट, मेणबत्ती. कॉस्मसने उंबऱ्याबाहेर जमिनीवर पाणी शिंपडलं आणि घरातल्या सगळ्या गेलेल्यांची नावं घेतली, एकही न गाळता, कारण वगळलेला रुसतो. शेवटचं नाव यूडीनने घ्यायचं होतं.

“मा,” एवढंच तिच्याच्याने म्हणवलं.

दार ओढून घेतलं. आता उजाडेपर्यंत आत कुणी जायचं नव्हतं. ग्लेंडा कॉस्मसच्या घरी झोपायला निघाली. तिने दोनदा मागे वळून निळ्या दाराकडे बघितलं, एखाद्याला धक्क्यावर सोडून आल्यासारखं.

यूडीन उतार उतरून आपल्या खोपटाशी आली आणि पायरीपुढे उभी राहिली. वारा समुद्रावरून सरळ घरावर येत होता. लाटांचे तुषार दिवसभर पायऱ्यांवर उडायचे आणि उन्हात सुकायचे. तीनही पायऱ्या पांढऱ्या होत्या. उंबरा पांढरा होता. तिने बोट फिरवून जिभेला लावलं आणि डोळे मिटले. मग वाकून बादली उचलली.

“यूडी!” वरच्या वाटेवरून कॉस्मस ओरडला. “वेड लागलं का तुला? हौदाचा तळ दिसतोय, मेमध्ये पाऊस आला तर आला, आणि तू पायऱ्या धुतेस?”

पावसाचं साठवलेलं गोड पाणी, प्यायला राखून ठेवलेलं, तिने एकेक बादली करून उंबऱ्यावर ओतलं. फडक्याने सांदीकोपरे पुसले. पायऱ्या घासल्या, पुन्हा पाणी ओतलं. हौदाच्या तळाला बादली खरवडली तेव्हा थांबली. वारा पुन्हा तुषार आणणार होता, म्हणून तिने जुनं शीड समुद्राच्या बाजूने दोरीला ताणून बांधलं. दार सताड उघडं ठेवलं. आपली गादी झटकली, उशी सारखी केली, आणि स्वतः खुर्चीत बसली.

सकाळी पाखरं ओरडत असताना ग्लेंडा उतार उतरून आली. डोळे सुजले होते. यूडीन सगळ्यात वरच्या पायरीवर बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. मागे दार अर्धवट लोटलेलं होतं. शीड वाऱ्याने फुगत होतं, पायऱ्या कोरड्या आणि काळ्याभोर होत्या.

“यूडीन,” ग्लेंडाचा आवाज चढलेला होता. “काल ती आलीच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी जागी होऊन वाट बघत राहिले, पण—”

यूडीनने ओठांवर बोट ठेवलं. पायरीवर जरा सरकून तिच्यासाठी जागा केली.

“हळू बोल,” ती म्हणाली. “आत्ताच डोळा लागलाय तिचा.”