समाधान झालं का?

वर्ष सरत आलं की त्या विमा कंपनीच्या कचेरीत एकाएकी चांगुलपणाला भरती येई. एरवी एकमेकांकडे मान वर करून न पाहणारी माणसं खांद्याला खांदा लावून हसत उभी राहत, कारण समोर फोटोवाला असे. कंपनीचं एक गुळगुळीत कागदाचं पुस्तक निघायचं, वर्षभरातल्या कामगिरीचं. त्याचे तीन भाग. पहिला समाज, दुसरा कामाची जागा आणि तिसरा ग्राहक. समाजात झाडं लावली जात. यंदा खड्डा एकच खणला होता आणि पाच साहेबांनी पाळीपाळीनं त्यात तेच रोप लावलं. पाचवे साहेब येईपर्यंत रोपानं मान टाकली होती, पण फोटोत ते बेताबेतानं उभं दिसत होतं.

ती तिसऱ्या भागातली. ग्राहकांच्या विभागातली. तिचं काम असं, की ज्यांची तक्रार मिटलेली नाही अशा लोकांना दर आठवड्याला आपणहून फोन करायचा, त्यांचं ऐकून घ्यायचं आणि शेवटी ठरलेल्या शब्दांत विचारायचं, "आपलं समाधान झालं का?" समोरचा "हो" म्हणाला की बटण दाबायचं. तक्रार बंद. "बरं", "चालेल", "ठेवा आता" असलं काही चालायचं नाही. हो म्हणजे होच हवं. सगळं बोलणं कंपनी टेप करून ठेवायची, त्यामुळे हो नसताना हो धरायची सोय नव्हती.

यंदा कामाच्या जागेच्या भागात एक नवी गोष्ट घालायची ठरली होती: घरून काम. प्रत्येक विभागातून एकालाच ते मिळणार होतं, आणि ज्याची एकही तक्रार लोंबकळत नसेल त्याला मिळणार होतं. कचेरीत पुष्कळांना हवं होतं ते. कुणाला येण्याजाण्याचा कंटाळा, कुणाला साहेबाचा. तिला मात्र ते वेगळ्याच कारणासाठी हवं होतं आणि ते कारण तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिची लेक सव्वा वर्षाची होती. नवरा जहाजावर. लेक दिवसभर समोरच्या दारातल्या मावशींकडे असायची. मावशी म्हणजे रक्ताच्या कुणी नव्हेत, पण लेकीचं दुखलं-खुपलं, शी-शू, सगळं त्याच बघत. एका संध्याकाळी ती लेकीला आणायला गेली तेव्हा लेक मावशींचा पदर धरून म्हणाली, "आई." अगदी स्पष्ट. तोवर नुसतं आ-आ चाललं होतं.

मावशी कावऱ्याबावऱ्या झाल्या. "अगं, पोरांचं काय! दुपारी चमच्याला पण आई म्हणत होती."

"असू दे हो," ती हसली. "चमच्यापेक्षा तुम्ही बऱ्या."

घरी येऊन तिनं लेकीला समोर बसवलं, छातीवर हात ठेवून सांगितलं, "मी आई. मी." लेकीनं तिच्या बटणाकडे पाहिलं आणि ते तोंडात घालायला वाकली. पुढे कधीतरी जहाजावरून फोन आला तेव्हा नवऱ्याला सांगितलं, तर पलीकडून तुटक आवाजात तो म्हणाला, "मला तर ती ओळखत पण नाही गं अजून." मग तिलाच त्याची समजूत काढावी लागली. आपलं गाऱ्हाणं घेऊन गेलं की समोरच्याचं मोठं निघतं. हा तिच्या कामातलाच अनुभव होता, घरीही तेच.

तर घरून काम मिळालं की लेक डोळ्यांसमोर राहील, आणि आई कोण ते तिला कळेल, एवढा साधा हिशोब होता. त्यासाठी तिनं जीव तोडून सगळ्या तक्रारी मिटवल्या होत्या. एक राहिली होती. बंदआजोबांची.

बंदआजोबा हे नाव कचेरीनं ठेवलेलं. म्हातारे एकटे राहत. त्यांची बायको वारली, तिच्या विम्याचं सगळं रीतसर झालं, त्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. त्यांचं म्हणणं एका फोनबद्दल होतं. कंपनी प्रत्येक ग्राहकाला वाढदिवसाच्या सकाळी शुभेच्छांचा फोन करायची. बायको गेल्यावरच्या तिच्या वाढदिवसानंतर आजोबांनी कळवलं, "हिच्या नावाचा तो शुभेच्छांचा फोन... बंद." तेव्हा फोनवर होता टायवाला. उकाड्यातसुद्धा टाय न सोडणारा म्हणून टायवाला. त्याला वाटलं, बिचाऱ्यांना त्रास होतोय. गेलेल्या माणसाला शुभेच्छा, कुणालाही होईल. त्यानं कंपनीतर्फे क्षमा मागितली आणि सांगितलं, "सर, फोन बंद केला आहे."

"अहो, बंदच तर झालाय!"

"हो सर, बंदच. पुन्हा येणार नाही."

आजोबा भडकले. पुढच्या आठवड्यात परत तेच. कंपनी जितकं बजावून सांगे की फोन बंद आहे, तितके आजोबा चिडत. त्यांच्या घरी एक माफीचं कार्ड गेलं, एक फुलांचा गुच्छ गेला. समाधान काही होईना.

"बंद केलाय म्हटलं तर एवढे ओरडतात," टायवाला म्हणायचा, "चालू करतो म्हटलं असतं तर फोनमधून बाहेर येऊन मारलं असतं मला." सगळे हसायचे. ती पण हसली होती. टायवाल्याची बदली झाली आणि आजोबा तिच्या वाट्याला आले.

पुस्तकासाठी तिचा फोटो काढायचा ठरला. कामाच्या जागेच्या भागात एक नोकरदार आई हवीच होती. तिच्या विभागाच्या मॅडम म्हणाल्या, "लेकीला घेऊन ये. मांडीवर बसव, कानाला फोन लाव, जरा गोड हस." मॅडम वाईट नव्हत्या, त्यांनाही वरून कुणीतरी गोड हसायला सांगितलेलं असायचं.

मावशी लेकीला घेऊन आल्या. लेकीला नवा फ्रॉक घातला होता. ती मांडीवर बसली खरी, पण तोंड सगळं दाराकडे, जिथे मावशी पर्स सावरत उभ्या होत्या.

"बाळा, आईकडे बघ," फोटोवाला म्हणाला. "आई कुठाय? आई कुठाय?"

लेकीनं बोट दाखवलं. दाराकडे.

फोटोवाल्याला यातलं काही कळलं नाही. तो मोठ्यानं हसला. "ताई, तुम्ही पण तिकडेच जा ना मग, आजीला बाजूला करा." अखेर मावशीच तिच्या खुर्चीमागे येऊन वाकून लपल्या, तिथून लेकीला हाका मारत राहिल्या आणि लेकीनं मान वळवून वर पाहिलं. फोटो फार छान आला. लेक आईकडे डोळे भरून बघते आहे असा.

त्या दुपारी आजोबांना फोन करायचा वार होता. तिनं फोन लावला, नमस्कार झाला, तब्येतीची चौकशी झाली.

"फोन बंद आहे," आजोबा म्हणाले.

इथे "हो सर, बंदच आहे" असं म्हणायचं असे. तिच्या तोंडून ते निघेना. डोळ्यांसमोर अजून ते दाराकडे गेलेलं बोट होतं. ती गप्प राहिली. कंपनीतल्या कुणीही आजवर आजोबांना एवढी मोकळी जागा दिली नव्हती.

"तुम्ही आहात ना?" आजोबांनी विचारलं. मग जरा हळू म्हणाले, "का बंद केलात हो? तो आणखी एक फोन आला असता तर तुमचं काय जात होतं?"

तिला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि टायवाल्याची ती गंमत आठवून तोंड कडू झालं.

"आजोबा, तुम्हाला तो फोन... हवाय?"

"मग इतके महिने मी कुठल्या भाषेत सांगतोय?"

आजोबा बोलू लागले. मुलं आईला आईच म्हणणार. शेजारीपाजारी काकू म्हणायचे. "आणि मी आपला 'अगं'. सगळा संसार 'अगं'वर झाला. कधी नावाची गरजच पडली नाही. वर्षातून एकदा तुमची मुलगी फोन करायची आणि हिचं नाव घ्यायची, सबंध, आडनावासकट. ही मुद्दाम फोन मोठा करून ठेवायची मला ऐकू येईल असा. म्हणायची, बघा, परक्या कंपनीला लक्षात आहे. मी दरवर्षी विसरायचो ना! यंदा मी विसरलो नव्हतो. सकाळपासून फोनशी बसून होतो. आता ते नाव कुणीच घेत नाही हो. मी घेऊन बघितलं एकदा, घरात. माझ्याच आवाजात ते कुणाचंतरी वेगळंच वाटलं."

फोन ठेवून ती तशीच उठून मॅडमकडे गेली. मॅडमनी ऐकलं, चष्मा काढून ठेवला. "माणूस गेलं की यादीतून नाव निघतं गं. गेलेल्या ग्राहकाला शुभेच्छा दिल्या म्हणून उद्या पेपरात येईल आपलं."

"मग समाजवाल्यांना सांगू या का? एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना भेटायला जातात ना ते?"

"ते एका जागी निदान दहा म्हातारे असले तरच जातात. एकट्याकडे नाही जात, फोटोत रिकामं दिसतं." मॅडमना आपण काय बोललो ते बोलल्यावर कळलं असावं. त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "हे बघ, तुला घरून काम हवंय ना? उद्याच्या उद्या यादी वर जातेय. तू नीट विचार, ते हो म्हणाले की झालं. ते कशासाठी हो म्हणाले ते कुणी बघत नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं फोन केला.

"आज तुमचा वार नाही," आजोबा म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद होता, आणि तोच तिला सहन होईना. तिनं खरं ते सांगून टाकलं. फोन पुन्हा सुरू होणार नाही. तक्रार मिटायला हवी. आणि मग, कंपनी ऐकते आहे हे माहीत असूनही, लेकीचंही सांगितलं. बोट दाराकडे दाखवल्याचं.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तक्रार मिटली की दर आठवड्याचा फोन?"

"तो तक्रारीचाच असतो."

"हं." त्यांनी खाकरून घसा साफ केला. "पोरी, एक काम कर. तुमचं ते काय ते असतं ना, शुभेच्छांचं, ते म्हण एकदा. नाव घेऊन."

तिनं इकडे तिकडे पाहिलं नाही. पाठ केलेलं सगळं म्हटलं, नमस्कारापासून, आजींचं नाव आडनावासकट, हार्दिक शुभेच्छा, निरोगी दीर्घायुष्य, सगळं. दीर्घायुष्याशी अडखळली, पण गाळलं नाही. पलीकडे पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"आता विचार," आजोबा म्हणाले.

"आपलं समाधान झालं का?"

"माझं झालं म्हटल्यानं तुझं होणार असेल, तर झालं म्हण."

"हो म्हणावं लागतं, आजोबा."

"हो," आजोबा म्हणाले. "हो. हो. पुरे ना?"

तिनं बटण दाबलं. पुस्तकात ग्राहकांच्या भागात पहिलंच वाक्य छापून आलं, की यंदा एकही तक्रार शिल्लक नाही.

तिला घरून काम मिळालं. आतल्या खोलीत टेबल लागलं, यंत्र आलं, कानांवरचा तो जाड फोन आला. मॅडमनी नियम समजावून सांगितले. ग्राहकाला घर ऐकू येता कामा नये. दार लावून घ्यायचं, आतून. शिट्टी, भांडी, टीव्ही काही नाही. लहान मुलाचा आवाज तर मुळीच नाही. आलाच तर काय म्हणायचं तेही ठरलेलं होतं.

लेकीला बघायला मावशी आता इकडेच येऊ लागल्या. पहिल्या दिवशी लेकीला वाटलं, आई आत लपली आहे. ती खेळ म्हणून दाराशी आली, खालच्या फटीतून चार बोटं आत घातली, हलवली. आई खुर्चीतून ती बोटं बघत होती. कानात एक बाई होती, नवऱ्याच्या दवाखान्याच्या कागदांबद्दल विचारत होती, दमलेली, समजूतदार बाई. त्या बाईला ती कुठला कागद आधी लावायचा ते सांगत होती.

मावशी दबक्या आवाजात म्हणाल्या, "चल बाळा, आई काम करतेय हं." बोटं गेली. मग दारावर थाप पडली. एक, मग दुसरी.

"आई," लेक म्हणाली. या वेळी कुणाला ते विचारायला नको होतं. मावशी तिच्यामागे उभ्या होत्या आणि ती दारालाच म्हणत होती. "आई! आ-ई!"

कानातली बाई थांबली. "अहो, तुमचं लेकरू हाक मारतंय वाटतं. जाऊन या ना तुम्ही, मी थांबते."

तिचा हात उठला होता. पण बोलणं टेप होत होतं, कामाचा पहिलाच दिवस होता, आणि तिकडे कचेरीत आणखी कितीतरी जणी त्या खुर्चीसाठी टपून बसल्या होत्या. तिनं ठरलेलं होतं ते म्हटलं, ठरलेल्या गोड आवाजात.

"नाही मॅडम. शेजारचं आहे ते."

"असं होय," बाई म्हणाली. दारावर पुन्हा थापा पडल्या. बाईनं त्या ऐकल्या, जरा वेळ गेला. "मग शेजारणीला सांगा कुणीतरी. उघड म्हणावं बाई दार."